फिटनेस ट्रॅकर वेब ॲप लोकांना खरंच वापरता येतं का? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा-फर्मागुडीकडची इंजिनिअरिंगची मुलं, पणजी-म्हापशाचे एकदोन जिमवाले, आणि घरून साइट बनवणारे फ्रीलान्सर, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात आणि मी दर वेळी व्हॉइस नोट पाठवून दमले, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. कोडिंग शिकवणार नाहीये. पावलं, चालणं, वजन, पाणी, जेवण असं काहीतरी नोंदवणारं ॲप ब्राउझरमध्ये चालतंय, आणि ते माणसांना जमतंय का हे बघायचंय, एवढ्यापुरतंच.

युजेबिलिटी म्हणजे ॲप छान दिसणं ना?

दिसणं हा त्यातला छोटा भाग. आयएसओ ९२४१ नावाचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे त्याच्या ११ व्या भागात (१९९८ चा, २०१८ मध्ये सुधारलेला) तीन गोष्टी बघायला सांगितल्यात: माणसाचं काम नीट पूर्ण झालं का, त्यासाठी किती वेळ आणि डोकं खर्च झालं, आणि झाल्यावर त्याला बरं वाटलं का. आणि चौथी गोष्ट जी सगळे वाचताना गाळतात, ती म्हणजे हे सगळं ठरावीक माणसं, ठरावीक काम आणि ठरावीक परिस्थिती धरूनच मोजायचं. म्हणजे "आमचं ॲप युजेबल आहे का" या प्रश्नाला उत्तरच नाही. "साठीच्या काकींना सकाळी साडेसहाला मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहून, चष्मा घरी विसरलेला असताना, चालणं सुरू करता येतं का" याला उत्तर आहे.

मग शॉपिंग साइट तपासायची तशीच हीपण तपासायची ना, वेगळं काय?

वेगळं खूप आहे. शॉपिंग साइटवर माणूस बसलेला असतो, त्याला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की तो गेला. ट्रॅकर वापरणारा माणूस घामाने भिजलेला, धापा टाकणारा, एका हातात पाण्याची बाटली किंवा कुत्र्याचा पट्टा, आणि मुख्य म्हणजे त्याला ॲप वापरायचंच नसतं, त्याला चालायचं असतं. नोंद करणं हा त्याच्या मध्ये आलेला त्रास आहे.

दुसरं म्हणजे तो हेच काम रोज करणार. पहिल्या दिवशी पाणी नोंदवायला चार टॅप लागले तर कोणी कुरकुर करत नाही, उलट "सोपं आहे की" म्हणतात. तेच चार टॅप दिवसातून आठ वेळा, महिनाभर, आणि मग एक दिवस माणूस नोंद करायचं सोडतो आणि तुम्हाला कळवतही नाही. त्यामुळे माझं मत सरळ आहे, ट्रॅकर वापरायला सोपा आहे का हे खुर्चीत बसून पहिल्या दिवशी कळत नाही. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतंय.

टेस्टिंगला पाचच माणसं पुरतात असं सगळीकडे वाचलं, खरं का?

अर्धं खरं. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये एक गणिती मॉडेल मांडलं, आणि नील्सनच्या २००० सालच्या लेखामुळे "पाच माणसं" सगळीकडे पसरलं. गणित असं की एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं तर पाचव्या माणसापर्यंत साधारण ८५ टक्के सापडून होतात, पुढचे लोक तेच तेच दाखवतात. पण हे ३१ टक्के सरासरी आहेत, तुमच्या ॲपमध्ये अडचणी लपलेल्या असतील तर आकडा कमी निघेल आणि मग पाच पुरणार नाहीत. शिवाय नील्सनचा खरा सल्ला असा होता की पंधरा जण एकदम घेण्यापेक्षा पाच घ्या, दुरुस्त करा, परत पाच घ्या, परत दुरुस्त करा. लोक पहिले पाच घेतात आणि सबमिट करून मोकळे होतात.

आणि हे पाच एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांमधले. जिमला जाणारा पंचविशीतला मुलगा, डॉक्टरने चाला म्हणून सांगितलेल्या काकी, आणि हाफ आयर्नमॅनची (पोहणं, सायकल, धावणं एकापाठोपाठ) तयारी करणारा सायकलवाला (पणजीत २०१९ पासून ती रेस व्हायला लागल्यावर असे बरेच झालेत) हे तीन वेगळे गट आहेत, प्रत्येकातून तीन-चार तरी घ्या. आणि "पाचपैकी चौघांना जमलं म्हणजे ८० टक्के यश" असं रिपोर्टमध्ये लिहू नका प्लीज, पाच माणसांवर टक्केवारी काढणं हा विनोद आहे.

माणसं आणायची कुठून? आमच्या वर्गातलीच घेतली तर?

वर्गातली नकोत. त्यांना तुमचं ॲप आधीच माहीत असतं, आणि नसलं तरी हॅम्बर्गर मेनू (कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषा) म्हणजे काय हे माहीत असतं. सकाळी मिरामारला किंवा आल्तिनोच्या जॉगर्स पार्कात जा, मडगाव-फोंड्यात असाल तर जिथे लोक चालायला येतात ते मैदान तुम्हाला माहीत असेलच. चालायला निघालेल्याला अडवू नका, चालून झाल्यावर बाकावर टेकतात तेव्हा विचारा. वीस मिनिटं मागायची आणि विसाव्या मिनिटाला खरंच संपवायचं. नंतर चहा आणि भाजी-पाव आपल्याकडून, बरेच लोक तेवढ्यावर खूश असतात, पण तासभर वेळ घेणार असाल तर काहीतरी पैसे किंवा व्हाउचर द्या.

सुरुवातीला हे सांगाच, की "काकी, परीक्षा ॲपची आहे, तुमची नाय. तुम्हाला जमलं नाही तर चूक आमची." असं नाही सांगितलं तर लोक चुकले की माफी मागत बसतात आणि पुढे काही बोलत नाहीत.

टास्क कसे द्यायचे?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. विद्यार्थ्यांचे टास्क असे असतात: "ॲक्टिव्हिटी टॅबवर जाऊन ॲड वर्कआउट करा". मग माणूस स्क्रीनवर "ॲड वर्कआउट" शोधतो, सापडतं, दाबतो, सगळे टाळ्या वाजवतात. तुम्ही फक्त त्याला वाचता येतं हे तपासलंत.

टास्क म्हणजे परिस्थिती सांगायची, बटणाचं नाव तोंडातून येऊ द्यायचं नाही. माझ्याकडचे काही, हवे तर घ्या. "काल संध्याकाळी तुम्ही अर्धा तास चाललात पण फोन घरी राहिला होता, ते यात आलं पाहिजे." याने मागच्या तारखेची नोंद करता येते का ते कळतं, आणि खूप ॲपमध्ये ती सोय कुठेतरी खोल पुरून ठेवलेली असते. "वजन ६५ च्या जागी ६५० पडलं, नीट करा." "मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात तुम्ही जास्त चाललात की कमी?" हा ग्राफ वाचायचा टास्क, आणि यात माणसाने उत्तर तोंडाने सांगायचं, फक्त ग्राफच्या पानावर पोचला म्हणून पास करायचं नाही. बार चार्टवर बोट ठेवून चुकीचा आठवडा वाचणारे लोक मी भरपूर बघितलेत. "आता चालायला लागा, आणि मध्येच ओळखीचं कोणी भेटलं म्हणून पाच मिनिटं थांबा." हा गोव्यात न टाळता येणारा टास्क आहे, सकाळी चालताना ओळखीचं कोणी भेटत नाही असं होतच नाही, तर त्या वेळात टायमर काय करतो, पॉज होतो का, आणि नंतर परत सुरू करायचं राहिलं तर काय.

प्रत्येक टास्कला तीन गोष्टी टिपा: झालं का, किती वेळ लागला, कुठे अडकला. एका माणसाला पाच-सहाच्या वर टास्क देऊ नका, माणूस कंटाळतो.

माणूस गप्प बसून नुसता स्क्रीनकडे बघत राहिला तर?

"मनात जे येतंय ते मोठ्याने बोलत राहा" असं आधी सांगायचं, याला थिंक अलाउड म्हणतात, आयबीएममध्ये क्लेटन लुईसने १९८२ च्या सुमारास ही पद्धत इंटरफेस तपासायला आणली. लोकांना आधी विचित्र वाटतं, मग तुम्ही स्वतः एकदा दुसऱ्याच कुठल्या साइटवर करून दाखवा, लगेच जमतं. तो "हे काय आहे?" म्हणाला की उत्तर द्यायचं नाही, "तुम्हाला काय वाटतं?" असं उलट विचारायचं. मदत करायला हात शिवशिवतात, पण हात मांडीवर.

धावताना किंवा चढ चढताना मात्र बोलायला लावू नका, दम लागलेला माणूस काय बोलणार. तिथे स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि नंतर बसून ते दाखवत विचारा की इथे काय झालं.

शेवटी "ॲप आवडलं का" विचारायचं की नाही?

विचारू शकता, उत्तर "छान आहे हो" येणार. आपल्याकडचे लोक भिडस्त, समोर कॉलेजचं पोर उभं आहे, त्यात चहा त्याने पाजलाय, कोण वाईट बोलणार? एक काका होते, टास्क सगळे अर्धवट राहिले, टायमर तीन वेळा चुकून बंद केला, आणि शेवटी म्हणाले एकदम झकास आहे, मुलीला पाठवतो लिंक. म्हणून आधी डोळ्यांनी जे दिसलं ते, आणि मग जे बोलले ते.

आकडा हवाच असेल तर सस वापरा, सिस्टिम युजेबिलिटी स्केल. जॉन ब्रूकने १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना बनवलेलं, दहा वाक्यं, प्रत्येकाला १ ते ५. हिशोब जरा तिरका आहे. विषम नंबरच्या वाक्यांच्या उत्तरातून १ वजा, सम नंबरच्या वाक्यांना ५ मधून उत्तर वजा, सगळ्यांची बेरीज करून २.५ ने गुणा. समजा कोणी ४, २, ४, १, ४, २, ५, २, ४, २ असं भरलं, तर विषमचे १६ आणि समचे १६ मिळून ३२, गुणिले २.५ म्हणजे ८०. हे ८० टक्के नव्हेत हां, नुसता स्कोर आहे, आणि सरासरी ६८ च्या आसपास धरतात, म्हणजे ८० बराच चांगला आणि ५५ आला तर काम आहे.

सम नंबरची वाक्यं उलटी असतात, "मला हे उगाच किचकट वाटलं" अशी, आणि मोठ्या माणसांना ती कागदावर भरताना घोळ होतो, सगळीकडे ५-५ करत जातात. त्यामुळे वाचून दाखवा आणि सगळी उत्तरं सारखी आली तर तो फॉर्म बाजूला ठेवा. आणि फॉर्म टास्क झाल्या झाल्या भरून घ्यायचा, गप्पांच्या आधी.

टेस्टिंगला माणसं मिळालीच नाहीत तर?

तर ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन. नील्सन आणि रॉल्फ मॉलिक यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत, १९९४ मध्ये त्याची दहा तत्त्वं, म्हणजे चांगल्या इंटरफेसचे ढोबळ नियम, नक्की झाली. तीन ते पाच जणांनी वेगवेगळं बसून त्या तत्त्वांवर ॲप तपासायचं, एकमेकांशी न बोलता, आणि मग याद्या एकत्र करायच्या. प्रत्येक अडचणीला ० ते ४ गंभीरता: ० म्हणजे ही अडचणच नाही, ४ म्हणजे हे नीट केल्याशिवाय लाँच करायचं नाही.

दहाही तत्त्वं इथे लिहीत नाही, कुठेही मिळतील. ट्रॅकरमध्ये सगळ्यात जास्त मार कुठे बसतो ते सांगते. पहिलं, सिस्टिमची स्थिती दिसणं. रेकॉर्डिंग चालू आहे की नाही हे हातभर अंतरावरून, चालता चालता, एका नजरेत कळलं पाहिजे. कोपऱ्यातला छोटा लाल ठिपका पुरत नाही. पाच किलोमीटर चालून आल्यावर "सुरूच झालं नव्हतं" हे कळणं, यानंतर ॲप परत उघडणारा माणूस दुर्मिळ. दुसरं, चुका होऊच न देणं. स्टॉप आणि पॉज शेजारी शेजारी, सारख्या रंगाचे, हे आजही दिसतं. तिसरं, केलेलं मागे घेता येणं, म्हणजे चुकून डिलीट झालेली वॉक परत मिळाली पाहिजे, कारण ती चाल परत चालता येत नाही.

आमचं नेटिव्ह (फोनवर इन्स्टॉल करायचं) ॲप नाही, वेब ॲप आहे, त्याने टेस्टिंग बदलतं का?

बदलतं, आणि या भागाला खरंच वेळ द्या.

ब्राउझरमधला टॅब मागे गेला किंवा स्क्रीन लॉक झाली की ब्राउझर त्या पानाचं काम मंद करतो किंवा थांबवतो. म्हणजे फोन खिशात टाकला की तुमचं जीपीएस ट्रॅकिंग गेलं. डेव्हलपरला हे ठाऊक असतं, वापरणाऱ्याला नसतं, आणि त्याला ते ठाऊक असण्याचं काही कारणही नाही. स्क्रीन चालू ठेवायची सोय ब्राउझरमध्ये आहे, वेक लॉक, पण मग बॅटरी जाते आणि खिशात बटणं आपोआप दाबली जातात. म्हणून टेस्टमध्ये एकदा मुद्दाम: चालायला सुरू करा, फोन लॉक करून खिशात टाका, मध्ये एक फोन येऊ दे, एक व्हॉट्सॲप बघा, आणि दहा मिनिटांनी परत ॲपवर या. तिथे काय दिसतं? हरवलेला वेळ ॲप कबूल करतं का, की गुपचूप दोन बिंदू सरळ रेषेने जोडून टाकतं?

मग परवानग्या. लोकेशन फक्त एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणी असलेल्या साइटवर मिळतं, आणि पान उघडताक्षणी लोकेशन मागितलं तर अर्धे लोक घाबरून नको दाबतात, आणि एकदा नको म्हटलं की ते परत चालू कसं करायचं हे फार थोड्यांना माहीत असतं. हा वेगळा टास्क करा, नको दाबायला लावा आणि बघा माणूस बाहेर येतो का.

आयफोनवर क्रोम टाकला तरी आत सफारीचंच, म्हणजे ॲपलच्या ब्राउझरचंच इंजिन असतं, त्यामुळे ब्लूटूथने हार्ट रेट बेल्ट थेट जोडणं वगैरे तिथे चालत नाही. ॲपलचा हेल्थ डेटाही वेबपानाला थेट मिळत नाही. रिमाइंडरची पुश नोटिफिकेशन आयफोनवर २०२३ पासून येतात, पण माणसाने ॲप होम स्क्रीनवर टाकलं असेल तरच, आणि ती सोय शेअर बटणाच्या आत. "हे ॲप तुमच्या फोनवर आयकॉनसारखं आणून ठेवा" हा टास्क एकदा देऊनच बघा. आणि सफारी वापर नसलेल्या साइटचा ब्राउझरमध्ये साठवलेला डेटा सात दिवसांनी पुसू शकते, तर सगळं फोनमध्येच ठेवणाऱ्या बिनलॉगिनच्या ॲपवाल्यांनी याचा विचार करा, नाहीतर आजारी पडून दोन आठवड्यांनी परत आलेल्या माणसाला पाटी कोरी दिसेल.

नेटवर्क. कॉलेजच्या वायफायवर सगळं पळतं. सत्तरी तालुक्यात, किंवा घाटाजवळ, किंवा इमारतीच्या तळमजल्यातल्या जिममध्ये जाऊन बघा. रेंज नसताना सेव्ह दाबलं तर नोंद फोनमध्ये थांबून नंतर जाते का, आणि माणसाला तसं सांगितलं जातं का. नुसतं गोल गोल फिरत राहिलं तर माणूस पाच वेळा सेव्ह दाबतो आणि रेंज आल्यावर पाच वॉक दिसतात.

आणि एक मजेशीर टेस्ट, रायबंदर-चोडण फेरीबोटीत बसताना ट्रॅकिंग चालू ठेवा. माणूस कठड्याला टेकून उभा आणि ॲप म्हणतं काय सुंदर वेग आहे तुमचा. असा तुकडा नंतर कापून टाकायची सोय आहे का, आणि ती लोकांना सापडते का?

उन्हात आणि पावसात वेगळी टेस्ट करावीच लागते का?

हो. एसी लॅबमध्ये जे राखाडी अक्षर नाजूक दिसतं ते एप्रिलमध्ये सकाळी नऊला बाहेर दिसतच नाही. डब्ल्यूसीएजीप्रमाणे (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेले नियम) साध्या अक्षरांना किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागच्या रंगातला फरक, लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १, पण ट्रॅकिंगच्या मुख्य स्क्रीनला मी त्याच्या बरंच वर जायला सांगेन. टॅपच्या जागेसाठी २०२३ च्या २.२ आवृत्तीत किमान २४ बाय २४ पिक्सेल आहे, त्याहून कडक पातळीला ४४ बाय ४४. धावणाऱ्यासाठी २४ म्हणजे चेष्टा आहे.

पावसाळ्यात ओल्या बोटाने किंवा स्क्रीनवर थेंब असताना टच भलतीकडे लागतो, स्वाइप तर विसराच. "थांबवण्यासाठी उजवीकडे सरकवा" असं डिझाइन जूनमध्ये घराबाहेर नेऊन बघा. आणि जून ते सप्टेंबर लोक बाहेर चालत नाहीत, घरातल्या घरात, बाल्कनीत, मॉलमध्ये चालतात, तिथे जीपीएसचा उपयोग नाही, तर हाताने वेळ टाकायची सोय पहिल्याच स्क्रीनवर हवी.

दिवसाचं टार्गेट दहा हजार पावलं ठेवलंय, यात युजेबिलिटीचं काय?

आहे ना. हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पेडोमीटरच्या नावातून आला, मानपोकेई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. त्यामागे तेव्हा कुठला मोठा अभ्यास नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवरचा आय-मिन ली यांचा अभ्यास आला, त्यात दिवसाला साधारण ४४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोकासुद्धा अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा कमी दिसला आणि ७५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. मग साठीच्या काकींना पहिल्या दिवशी लाल रिंग आणि "टार्गेट अपूर्ण" दाखवून काय मिळवताय? टेस्टमध्ये बघा, टार्गेट बदलता येतं हे किती जणांना कळतं. बहुतेक जण तो आकडा सरकारी असल्यासारखा मान्य करतात.

बीएमआयचंपण (उंचीच्या मानाने वजन) तेच, बाहेरचं कॅल्क्युलेटर उचललं तर २५ च्या खाली सगळं हिरवं दाखवतं, पण भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. चुकीचा हिरवा रंग ही पण अडचणच.

जेवणाची नोंद ठेवायचं फीचर टाकलंय, ते कसं तपासू?

"काल दिवसभर काय खाल्लंत ते यात टाका" एवढंच सांगा आणि गप्प बसा. मग मजा बघा. माणूस "पोयी" (गोव्याचा पाव) शोधतो, मिळत नाही. "पातळ भाजी" मिळत नाही. "शीत कढी" टाकतो, काहीतरी पंजाबी कढी येते. "सोलकढी" मिळाली तर मिलीलीटर विचारतात, घरात वाटीने पितात. खतखतं? सोडा. शेवटी तो "ब्रेड" आणि "फिश करी" टाकून सुटतो, आणि तो आकडा काही कामाचा नसतो हे त्यालाही माहीत असतं.

यात मोजायचं काय, तर किती वेळा शोधलं आणि काहीच आलं नाही, कितीदा नाइलाजाने भलतंच निवडलं, आणि एका जेवणाला किती मिनिटं गेली. लोक रोमनमध्ये, देवनागरीत, मराठी नावाने, कोंकणी नावाने, कसंही शोधतात, ते सगळं त्याच पदार्थावर यायला हवं. "कालचंच परत" असं एक बटण टाका, नाश्ता बहुतेक घरी रोज तोच असतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर छोट्या टीमने कॅलरी मोजायच्या नादी लागूच नये.

भाषा कुठली ठेवायची, मराठी, कोंकणी की इंग्लिश?

तिन्हींची सोय आणि बदलायचं बटण वरच, सेटिंगच्या आत नको. पेडणे, डिचोली, फोंड्याकडे मराठी वाचणारे भरपूर, पण तेच लोक फोन इंग्लिशमध्ये ठेवतात, त्यामुळे गृहीत धरू नका, विचारा. देवनागरी केल्यावर दोन गोष्टी हमखास मोडतात. ओळीची उंची इंग्लिशच्या हिशोबाने ठेवलेली असते, मग खालचा उकार आणि वरचा रफार कापला जातो. आणि आकडे, मराठी कीबोर्डवरून कोणी ६५ टाइप केलं तर जावास्क्रिप्टला तो आकडा समजत नाही, आणि एरर येतो "योग्य संख्या टाका". माणूस बिचारा बघत राहतो, योग्यच तर टाकलीय.

लोकांचं वजन, लोकेशन वगैरे आपल्याकडे येतं, त्याचं काय?

टेस्टच्या आधी लेखी परवानगी, स्क्रीन रेकॉर्ड होतेय हे स्पष्ट सांगून. वजन खरं टाकायला लावू नका, खोटा आकडा चालतो, चारचौघांत वजन सांगायला कोणाला आवडतं. ॲपसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा, त्यात संमतीची सूचना इंग्लिश किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगितलाय, आणि मराठी-कोंकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, शाळेतल्या मुलांवर टेस्ट करणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

नकाशा शेअर करताना सुरुवातीचा तुकडा लपतो का तेही बघा, सुरुवात म्हणजे माणसाचं घर. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावण्या-सायकलिंगच्या ॲपच्या हीटमॅपवर (सगळ्यांच्या वाटा एकत्र दाखवणारा नकाशा) सैनिकांच्या धावण्याच्या रेषांमुळे लष्करी तळ दिसले होते, तेव्हा हा विषय जगभर गाजला. "तुमची वॉक कोणाकोणाला दिसतेय?" असा प्रश्न टेस्टमध्ये विचारा, उत्तरं ऐकून तुम्हीच सेटिंग बदलाल.

स्पीडचे काही आकडे आहेत का?

गूगलचे आहेत: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, टॅपला प्रतिसाद २०० मिलीसेकंदांत, आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे सरकण्याचा स्कोर ०.१ च्या आत. स्वस्त अँड्रॉइडवर मोजा, स्वतःच्या लॅपटॉपवर नको.

एकदाच बसवून टेस्ट घेतली, झालं ना?

झालं नाही, वर म्हटलं तसं. आठ-दहा जणांना दोन-तीन आठवडे ॲप वापरायला द्या, आणि रोज रात्री व्हॉट्सॲपवर एक व्हॉइस नोट मागा, आज काय नोंदवलं, काय टाळलं, का. याला डायरी स्टडी म्हणतात. लिहायला लावू नका, लोक लिहीत नाहीत, बोलतात. सोबत ॲपच्या लॉगमध्ये (आपोआप साठणाऱ्या नोंदी) बघा कुठली नोंद कुठल्या दिवसापासून बंद पडली. साधारण पाणी आणि जेवण आधी सुटतं, वजन आणि चालणं टिकतं.

यातली खरी परीक्षा खंड पडल्यावर. गोव्यात ती तारीख ठरलेली आहे, चतुर्थी. त्या दिवसांत कोणी चालत नाही, नेवऱ्या (करंज्या) आणि पाहुणे. नंतर माणूस ॲप उघडतो आणि समोर येतं "तुमची ४१ दिवसांची साखळी तुटली". एका ताईने हे बघून जे ॲप बंद केलं ते केलंच, ती म्हणाली मला घरच्यांचे टोमणे पुरेसे आहेत. परत येणाऱ्याला पहिल्या स्क्रीनवर काय दिसतं हे कोणी डिझाइनच करत नाही. डायरी स्टडी चतुर्थीच्या आधी सुरू करून नंतर आठवडाभर चालू ठेवता आला तर उत्तम, आणि तारखा जुळत नसतील तर लोकांना मुद्दाम पाच दिवस ॲप बंद ठेवायला सांगा.

एआयला स्क्रीनशॉट देऊन टेस्टिंग करून घेतलं तर?

ह्युरिस्टिकची पहिली यादी काढायला चालेल, कॉन्ट्रास्ट वगैरे सापडतं. त्याला घाम येत नाही एवढं लक्षात ठेवा.

रिपोर्ट किती मोठा लिहायचा?

दोन पानं. प्रत्येक अडचणीला एक ओळ काय झालं, किती जणांना झालं, गंभीरता, आणि पाच-दहा सेकंदांची क्लिप. डेव्हलपर वाचत नाही पण क्लिप बघतो, आणि आपलं बटण शोधत बसलेल्या काकींचा व्हिडिओ बघितल्यावर वाद घालत नाही. गंभीरता ३ आणि ४ आधी दुरुस्त करा, आणि दुरुस्तीनंतर परत नवीन माणसं, जुनीच नकोत, त्यांना आता रस्ता पाठ झालाय.

क्लायंट म्हणतो टेस्टिंगला वेळही नाही आणि पैसेही नाहीत, काय करू?

एक शनिवार सकाळ मागा. तीन माणसं, वरचे कुठलेही चार टास्क, त्यातला फोन लॉक करून खिशात टाकायचा नक्की घ्या, आणि जमलं तर क्लायंटलाच सोबत घेऊन जा. त्याला मात्र बाकावर मागे बसवा आणि तोंड उघडायचं नाही असं आधीच सांगून ठेवा, कारण पहिली काकी अडकली की तोच उठून "हे बघा, इथे दाबा" म्हणणार.